मॅट्रिक मास्तरची मोटार

मोटारीतले मला काही कळत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझ्या तीन कादंबऱ्यांत मिळून दोन मोटारी आहेत. पहिली नायिकेला घेऊन दरीत कोसळते आणि दुसरी ऐन वेळी सुरूच होत नाही. पहिल्या मोटारीबद्दल एका वाचकाने मला आवर्जून कळवले, की तुम्ही म्हणता त्या पायाखाली ब्रेक नसतो, क्लच असतो. दुसरीबद्दल मात्र कोणाचीही तक्रार आली नाही. कारण ती मी अनुभवावरून लिहिली होती.

हा अनुभव म्हणजे आमच्या अण्णांची गाडी. प्रीमियर पद्मिनी, १९९२ ची, बदामी रंगाची. अण्णा ठाण्याला एका कारखान्यात फिटर होते. १९९८ साली, ज्या वर्षी आमच्या डोंबिवलीतले शेजारीपाजारी फियाट विकून मारुती घेत होते, त्या वर्षी अण्णांनी मारुती घेणाऱ्या एका शेजाऱ्याकडून फियाट घेतली! आईच्या दोन पाटल्या त्यात गेल्या. पूर्वी ह्याच गाडीसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, आणि अण्णाही कधीकाळी मनातल्या मनात त्या रांगेत उभे होते. रांग संपली, दुकान बंद व्हायची वेळ आली, तेव्हा त्यांचा नंबर लागला एवढेच.

तशी ही गाडी आमच्या घरची म्हणावी इतकी जवळची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी कुर्ल्याला मोटारींचा कारखाना काढला आणि १९४७ साली तिथून पहिली गाडी बाहेर पडली. इटलीतल्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी १९५३ सालची. पुढच्याच वर्षापासून ती आपल्याकडे यायला लागली आणि १९७४ साली तिचे बारसे होऊन ती पद्मिनी झाली. पुढे ह्याच प्रीमियरचा एक कारखाना आमच्या कल्याण-शिळ रस्त्यावर होता. तिथे नव्वदीच्या दशकात प्यूजो ३०९ ही फ्रेंच गाडी निघत असे. कारखाना गेला, गाड्या गेल्या, पण तिथल्या मैदानाला लोक अजून प्रीमियर मैदानच म्हणतात. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिच्यावर मृत्युलेख आले. ते वाचायला अण्णा नव्हते. २०२२ साली त्यांनी गाडीची नोंदणी २०२७ पर्यंत वाढवून आणली, आणि त्याच वर्षी त्यांची स्वतःची मुदत मात्र कोणी वाढवून दिली नाही.

त्यानंतर गाडी इमारतीच्या मागल्या बाजूला, जांभळाखाली, ताडपत्री पांघरून उभी राहिली ती राहिलीच.

आता थोडे माझ्याविषयी सांगायला हवे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण दहावी आणि त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. दहावीला आता कोणी मॅट्रिक म्हणत नाही, पण अण्णा अखेरपर्यंत म्हणत, आणि तेही अभिमानाने. त्यांच्या घराण्यात तेवढे शिकलेला मी पहिला. शिक्षकांच्या खोलीत मात्र हाच शब्द फार निराळा ऐकू येतो. तिथे एम. ए., एम. एस्सी., बी. एड. अशी सगळी वजनदार मंडळी बसलेली असतात. माझी पहिली कादंबरी निघाली तेव्हा त्यांतल्या एकाने ती चाळून म्हटले, “छान आहे हो; मॅट्रिकच्या मानाने शुद्धलेखन फारच छान आहे.” मी हसलो. अशा वेळी हसावेच लागते. पण त्याच रात्री मी ठरवले, की आपल्या मुलाच्या नावापुढे कसली ना कसली अक्षरे लागल्यावाचून राहायची नाहीत.

चिरंजीवांना मी यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला घातले. दुसऱ्या वर्षी ते थर्मल इंजिनिअरिंग नावाच्या विषयात नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा नापास झाले, आणि एके दिवशी जेवताना शांतपणे म्हणाले, “बाबा, मी उद्यापासून कल्याणला गॅरेजमध्ये जातोय. बोलून ठेवलंय.”

त्या रात्री मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. शेवटचे वाक्य तेवढे सांगतो, कारण ते पुढे मला फार दिवस टोचत राहिले. “माझ्यासारखा मॅट्रिक राहणार आहेस जन्मभर!” असे मी म्हणालो. चिरंजीव ताटावरून उठता उठता म्हणाले, “तुमच्यासारखा राहिलो तर काय वाईट?” मला तो उर्मटपणा वाटला. पुढचे आठ महिने आम्ही एकमेकांशी ‘मीठ दे’, ‘दार लाव’ आणि ‘वीजबिल भरलं का’ एवढ्याच विषयांवर बोलत होतो. घरातले बाकी सारे दळणवळण आमच्या सौभाग्यवतीमार्फत चाले.

ह्या परिस्थितीत गेल्या वर्षीच्या जूनमध्ये आमच्या सोसायटीची नोटीस आली. इमारत पाडून नवी बांधायची ठरली होती. डोंबिवलीत सध्या दर तिसऱ्या इमारतीचे हेच ठरत असते. मागच्या जागेत मातीची तपासणी व्हायची, सबब तिथली वाहने दसऱ्यापूर्वी हलवावीत. नोटिशीत ‘वाहने’ असा अनेकवचनी आदर होता; जांभळाखाली उभी होती ती आमची एकटीच. मी भंगारवाल्याला बोलावले. त्याने ताडपत्रीचे टोक उचलले, बोनेटवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, “अठरा हजार.” मला तो आकडा बरा वाटला. नवऱ्याचा चेहरा वाचण्यात बायका फार हुशार असतात. ही आतून म्हणाली, “अहो, निदान त्याला एकदा विचारा.”

“तूच विचार.”

तिने विचारले. चिरंजीव काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि सकाळी मागच्या गॅलरीतून मला ताडपत्रीखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले.

दोन वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे काय काय होते, ते मी त्या महिन्यात शिकलो. शिकलो म्हणजे गॅलरीत उभे राहून, पेपर वाचण्याचा बहाणा करीत शिकलो. बॅटरी मेली होती. चाके बसली होती. पेट्रोलच्या रबरी नळ्या हातात घेताच भुगा होऊन पडत होत्या. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही, हे मला तेव्हाच कळले. एअर फिल्टरच्या पत्र्याच्या डब्यात चिचुंद्रीने बिऱ्हाड केले होते. जुलैच्या मध्याला गाडी एकदाची सुरू झाली. तिने एक खोकला काढला, काळा धूर सोडला, आणि मग खालून असा काही घरघराट झाला की जांभळावरचे कावळे उडाले. आमच्या हिने वरूनच हात जोडले.

गाडी सुरू झाली खरी, पण चालेना. म्हणजे सपाटीवर चाले. चढ आला की दम टाकी. पुलाच्या चढावर मागचे रिक्षावाले आमच्या कुळाचा उद्धार करीत. धुराच्या तपासणीतही ती नापास झाली. जुन्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो. आमचा त्याच्या बराच वर होता. बापलेकांप्रमाणे गाडीही नापास, असे मी मनात म्हटले आणि मनातच चपापलो.

इथपर्यंतही सारे ठीक होते. पण तरुणपण ही मोठी गमतीची गोष्ट आहे. गाडीला दम लागतो म्हटल्यावर चिरंजीवांनी विचार केला, की तिच्या नाकातोंडाचे अडथळेच काढून टाकू. ऑगस्टमध्ये आपल्या पगारातून त्यांनी दोन वस्तू आणल्या. एक तेल लावलेला शंकूसारखा फिल्टर. जुना डबा काढून तो उघडाच कार्बोरेटरवर बसवायचा. दुसरा चकचकीत सायलेन्सर, अडीच इंच नळीचा, ज्यात आवाज अडवायला फारसे काही नसतेच. पहिल्या दिवशी तो सुरू झाला तेव्हा खिडक्यांची तावदाने थरथरली. शेजारच्या इमारतीतली चार पोरे धावत आली आणि गाडीभोवती उभी राहून “एक नंबर!” म्हणाली. चिरंजीवांचा चेहरा मी गॅलरीतून पाहिला. नापासाचा निकाल लागल्यापासून तो चेहरा मी पाहिलाच नव्हता.

पण त्याच वेळी पहिल्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत आले. त्यांची पत्नी वर्षभर अंथरुणाला खिळलेली. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खोलीची खिडकी लावून घेतली, मग दुसरी लावली, आणि मग पडदा ओढला. भांडले असते तर बरे झाले असते.

मी शाळेतून येताना तो आवाज रोज आमच्या नाक्यापासून ऐकू येई. मला कायद्याची भीती वाटू लागली, कारण मास्तर मंडळींना कायद्याची भीती आधी वाटते आणि बाकीच्या गोष्टी मागाहून. मी वाचून काढले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले आहे. आवाज आणि धूर यांबद्दल कलम १९० खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जप्त करून पोलीस रस्त्यावर ओळीने मांडतात आणि त्यांवरून रोडरोलर फिरवतात, ती छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मला त्या ओळीत आमचा सायलेन्सर दिसू लागला.

हे सारे तोंडाने सांगायचे, तर बोलणे बंद. म्हणून मी एक युक्ती केली. शाळेच्या क्रीडास्पर्धांत धावण्याच्या शर्यतींचा वेळ मी मोजतो. त्यामुळे माझ्याकडे एक स्टॉपवॉच असते. ते मी टेबलावर ठेवले आणि खाली एक चिठ्ठी लिहिली: ‘गाडी खरोखर जोरात पळते की नुसती ओरडते? रविवारी पहाटे मोजू.’

रविवारी पहाटे पाचला आम्ही शिळफाट्याच्या पुढे मुंब्रा बायपासच्या चढाला गेलो. आठ महिन्यांनी आम्ही दोघे एका बाकावर बसलो होतो. पद्मिनीला पुढे सलग बाक असते. त्यामुळे माणसाला फार दूर बसता येत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये तीसपासून साठपर्यंत जायला किती सेकंद लागतात, ते मी पाहायचे असे ठरले. मूळचा डबा आणि मूळचा गंजका सायलेन्सर असताना ह्याच चढावर १९ सेकंद लागत असल्याचे चिरंजीवांनी आपल्या मित्राकडून मोजून ठेवले होते. नुसता उघडा फिल्टर लावल्यावर लागले होते २०. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. आता सायलेन्सरसुद्धा नवा. आवाज असा की जणू आम्ही विमानातून चाललो आहोत. मी घड्याळ दाबले.

साडेअठरा.

पुन्हा केले. पुन्हा साडेअठरा. चिरंजीवांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मला मनातून बरे वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तसे वाटले नाही.

“तुझ्या वस्तादांना विचारायचं का?” मी म्हणालो.

“तुम्ही याल?”

वस्ताद म्हणजे कल्याणला पत्रीपुलाच्या अलीकडे ज्यांच्या गॅरेजात चिरंजीव काम करीत ते गृहस्थ. वय सत्तरच्या आसपास. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी सायलेन्सर पाहिला, फिल्टर पाहिला आणि मला स्टूल दिले. मग म्हणाले, “मास्तर, इंजिन म्हणजे दुसरं काही नाही, लोहाराचा भाता. एका तोंडानं घ्यायचं, दुसऱ्या तोंडानं सोडायचं. पोरगं म्हणतं तोंडं मोठी करू. पण आधी बघायला नको का, की अडलंय कुठं?”

त्यांनी आमचा मूळचा सायलेन्सर, जो चिरंजीवांनी कोपऱ्यात टाकला होता, तो उचलून हलवला. आत खुळखुळा वाजला. करवतीने उभा चिरला तेव्हा दिसले, की आतल्या पडद्या गंजून कोसळल्या होत्या आणि त्यांच्या खपल्यांनी नळीचे तोंड जवळजवळ बुजले होते. मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या ओतीव बिडाच्या चार बोटांच्या नळीला, केसाएवढी चीर गेलेली होती. ‘फट्-फट्’ आवाज तिचाच.

मग पुढचा तासभर त्या गॅरेजात जे व्याख्यान झाले तसे मी एकाही प्रशिक्षण शिबिरात ऐकलेले नाही. ते मी माझ्या समजुतीने सांगतो. चुकले तर ब्रेकवाल्या त्या वाचकाने पुन्हा लिहावे.

डोंबिवली स्टेशनात सकाळी लोकल थांबते. उतरणारे उतरले तरच चढणारे चढतात, हे आपण जाणतो. इंजिनाचे तेच. जळलेला धूर पुरता बाहेर पडला नाही तर ताजी हवा आत शिरायला जागा नाही. पण गंमत पुढे आहे. धूर हा नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही. तो गचके देत, घोळक्याघोळक्याने येतो. चार सिलिंडर १, ३, ४, २ ह्या क्रमाने पेटतात. एक घोळका वेगाने निघून गेला की त्याच्या पाठीमागे थोडी पोकळी राहते, आणि ती पुढच्या घोळक्याला ओढून नेते. म्हणजे धुराने नुसते जाऊन चालत नाही, वेगाने जायला हवे. नळी भलतीच मोठी केली की हा वेग मोडतो. आठ लेनच्या रस्त्यावर चार माणसे रमतगमत चालावीत तसा धूर चालतो आणि ओढ संपते. आमच्या गाडीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास. तिला अडीच इंचाची नळी म्हणजे लहान पोराच्या पायात बापाचा बूट.

आत येणाऱ्या हवेचेही तसेच. उघडा फिल्टर बोनेटखाली इंजिनाशेजारीच बसतो, आणि तिथली हवा तापलेली. तापलेली हवा विरळ. तीस अंशांची हवा साठ अंशांवर गेली की तिचे वजन शेकडा नऊने उतरते. म्हणजे हवा भरपूर मिळाल्यासारखी वाटते आणि पोटात मात्र कमी जाते. शिवाय कार्बोरेटरमधून पेट्रोल येते ते हवेच्या ओढीने. समोरचा अडसर काढला की ओढ मंदावते, पेट्रोल कमी येते. त्यात इथेनॉलवाल्या पेट्रोलला मुळातच थोडे जास्त प्रमाण लागते. मग गाडी अडखळते.

“ह्याच गाड्या मद्रासला शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत पळायच्या,” वस्ताद म्हणाले. “दोन-दोन कार्बोरेटर लावून. पण ती माणसं एक-एक जेट बदलून महिनाभर मोजत बसायची.”

“आणि अबार्थ,” चिरंजीव मध्येच म्हणाले. मग त्यांनी मला सांगितले, की कार्लो अबार्थ नावाच्या व्हिएन्नात जन्मलेल्या माणसाने १९४९ साली इटलीत कंपनी काढली, आणि फियाटच्या छोट्या गाड्यांचे सायलेन्सर बनवून विकले; त्या पैशावर त्याच्या शर्यतीच्या गाड्या धावल्या. वृश्चिक राशीचा म्हणून त्याने खूण ठेवली विंचवाची. माझ्या मुलाला व्हिएन्ना माहीत आहे, ह्याचेच मला त्या क्षणी नवल वाटत होते.

गॅरेजातून आम्ही घरी आलो ते निवड करायची म्हणून. निवडीला बसलो स्वयंपाकघराच्या टेबलाशी. हिने पोहे केले आणि ती मुद्दाम बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. चार नळ्यांच्या दोन, दोनांची एक, असे मॅनिफोल्ड बनवून घ्यायचे का? पहिल्या सिलिंडरची जोडी चौथ्याशी आणि दुसऱ्याची तिसऱ्याशी जुळवली, तर शहरातल्या मध्यम वेगाला ते उपयोगी पडते. खर्च बराच, शिवाय माझे कलम ५२. चिरंजीवांनी ते स्वतःच खोडले. कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात मूळच्याच जातीचे बिडाचे मॅनिफोल्ड मिळते का पाहायचे ठरले. हवेसाठी मूळचा डबाच ठेवायचा, त्यात नवा कागदी फिल्टर घालायचा, पण त्याच्या नाकाला एक नळी जोडून पुढच्या जाळीमागची गार हवा आणायची. ती नळी चिरंजीवांनी चित्रात बंपरच्या खाली उतरवली होती. तिथे मात्र मी आडवा आलो. २००५ च्या २६ जुलैला अण्णांबरोबर मी ह्याच गाडीत अडकलो होतो; पाणी बंपरला लागले होते. नाक तिथे असते तर हवेऐवजी पाणी आत गेले असते, आणि पाणी दाबले जात नाही, त्यामुळे इंजिनाचे दांडे वाकतात. गाडीतले मला कळते अशी एक तरी गोष्ट निघाली. नळी वर राहिली.

मी विचारले, “पण हवा एवढी लागते तरी किती?”

त्यांनी वीजबिल उलटे केले आणि पाठीमागे हिशेब मांडला. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो. जळायला त्याच्या १४.७ पट हवा लागते. म्हणजे ११ किलो. एक घनमीटर हवेचे वजन १.२ किलो. “म्हणजे लिटरामागे नऊ हजार लिटर हवा. दोनशे लिटरची पिंपं घेतली तर पंचेचाळीस.” हे सारे अर्ध्या मिनिटात, पोह्यांचा घास तोंडात असताना.

मी त्या बिलाकडे बघत राहिलो. “हे कोणत्या विषयात येतं?”

“थर्मल इंजिनिअरिंग.”

“मग तुला परीक्षेत का आलं नाही?”

ते थोडा वेळ गप्प होते. “तिथं गाडी कुठं होती, बाबा,” ते म्हणाले.

आणि ह्या हवेविषयी एक सांगायचे राहिले. आमच्या डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडला होता आणि २०२० साली औद्योगिक भागातला एक रस्ता गुलाबी झाला होता. त्या गावची हवा गाडीला अधिक मिळावी म्हणून बापलेक एवढा खल करीत होते, हे आज आठवले की हसू येते.

सप्टेंबरभर आम्ही दर रविवारी काही ना काही करीत होतो. मॅनिफोल्ड कुर्ल्याला तिसऱ्या खेपेला मिळाले. त्याची भोके आणि इंजिनाची भोके तंतोतंत जुळत नव्हती. कारखान्यातही ती कधी फारशी जुळत नसत, असे वस्तादांचे मत. मधल्या पॅकिंगचे माप धरून चिरंजीवांनी ती कानशीने घासली. मापाच्या रेघा मी आखून दिल्या. सरळ रेघ आणि गोल काढणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. नळीसाठी आम्ही ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या वर्कशॉपात गेलो. नुसती दाबून वाकवली तर नळी वळणावर चपटी होते आणि धूर तिथेच अडतो. त्या कारागिराने नळीत कोरडी वाळू ठोकून भरली, दोन्ही टोके बंद केली, तापवून लाल केली आणि वाकवली. वळणावरही ती गोलच राहिली. तो वाळू भरत असताना मी सहज म्हणालो, की आमचे वडील इथेच जवळच्या कारखान्यात फिटर होते. तो म्हणाला, “मग पोराचा हात तिकडून आलाय.”

नळी मूळच्याच मापाची, सायलेन्सर मूळच्याच बांधणीचा पण नवा. सर्वांत शेवटी जेट. कार्बोरेटरचा जेट म्हणजे मोहरीएवढे भोक असलेला पितळी खिळा. एक नंबर मोठा घातला तेव्हा अडखळणे गेले. दोन नंबर मोठा घातला तेव्हा धुराच्या तपासणीत पुन्हा नापास. एकच नंबर ठेवला. पास झालो. चकचकीत सायलेन्सर चिरंजीवांनी विकला नाही. तो उभा करून ही त्यात छत्र्या ठेवते.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी पुन्हा पहाटे पाचला बायपास. मी घड्याळ हातात घेतले, आणि खरे सांगतो, माझा हात थोडा कापत होता. गाडी चढाला लागली. आवाज नाही. चढ संपत आला तरी साठ झाले की नाही मला कळेना, कारण कान सवयीने गर्जनेची वाट बघत होते. “दाबा!” चिरंजीव ओरडले.

साडेचौदा.

दुसऱ्यांदा चौदा आणि काही. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने जोराने भोंगा वाजवला, कारण आम्ही रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून हिशेब करीत होतो. परत येताना गाडी मी चालवावी असा चिरंजीवांचा आग्रह पडला. काटई नाक्यापर्यंत मी ती नेली. क्लच कोणता ते मला आता पक्के ठाऊक आहे.

वाटेत मी म्हणालो, “त्या रात्री तू म्हणालास ना, तुमच्यासारखा राहिलो तर काय वाईट...”

“हं.”

“ते मला तेव्हा उलट उत्तर वाटलं.”

चिरंजीव खिडकीबाहेर पाहत होते. “उलट नव्हतं,” ते म्हणाले. “गिअर बदला, बाबा. इंजिन ओढतंय.”

पदविका राहिली ती राहिलीच. परीक्षेला पुन्हा बसावे असे मला अजून वाटते, आणि मी ते महिन्यातून एकदा बोलतो. ते ऐकून घेतात. गाडीला वस्तादांनी आपल्या गॅरेजामागे जागा दिली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून चिरंजीव मित्रांना घेऊन फडके रोडला निघाले. डोंबिवलीच्या पोराने दिवाळीच्या पहाटे गणपतीचे दर्शन घेऊन फडके रोडला उभे राहायचे नाही, तर राहायचे कुठे? गर्दीत गाडी न्यायची नाही, लांबच उभी करायची, असे मी तीनदा सांगितले. तासाभराने मी खाली फटाक्यांचे कागद बघत उभा होतो, तर पहिल्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत चहा घेत बसलेले. ते म्हणाले, “मास्तर, गाडी नेली नाही आज पोरानं?”

“नेली की. पाचलाच गेला.”

“असं? कळलं नाही.”

मी वर आलो. अण्णांची गाडी नाक्याच्या वळणावर आली की ते तिसऱ्याचा दुसरा गिअर टाकीत; आवाज क्षणभर पडे आणि पुन्हा उठे. तो ऐकून आई स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेवी. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. सात वाजायला आले होते. बाहेर फटाके चालू होते, तरी मधल्याच एका शांततेत तो आवाज नाक्यावर आला, पडला आणि उठला.

स्वयंपाकघरात ही फराळाची ताटे मांडत होती. तिने मान वर केली, मग भांडे घेतले आणि गॅस पेटवला.